एकदा आला की गेला

हैदराबाद
१२ फेब्रुवारी २०२३

प्रिय आण्णा,

हे पत्र पोचल्यावर रविवारची वाट बघू नका. चष्मा पुसा, आईला ओसरीवर बोलवा आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचा. तुम्ही वाचायला लागलात की गल्लीतले लोक टीव्ही बंद करतात, असं रविदादा सांगत होता. कंपनीतल्या प्रेस शॉपच्या धडधडीनं तुमचे कान नेले आणि बदल्यात हा आवाज दिला. गल्लीला तो सौदा महागात पडलाय.

इथले माझे मित्र मला हसतात. तीस वर्षांची बाई, भूकंपाच्या संस्थेत संशोधन करते, आणि चुलत्याला निळं अंतर्देशीय पत्र पाठवते! मी त्यांना सांगते, आण्णांना फोनवर काही ऐकू येत नाही आणि त्यांचं एक बोट मोबाइलची तीन अक्षरं एकदम दाबतं. शिवाय रविवारी माझं पत्र वाचलं नाही तर आमच्या घरात रविवार झाल्यासारखा वाटत नाही.

गेल्या सोमवारी तुर्कस्तानात भूकंप झाला तो तुम्ही पेपरात वाचला असेलच. पहाटे एक मोठा झाला आणि नऊ तासांनी, भर दुपारी, जवळजवळ तेवढाच दुसरा. माझं सगळं काम या दुसऱ्यावर आहे. मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा जमिनीतून पळत सुटतात. वाटेत एखादी भेग आधीच ताणलेली, सुटायच्या बेतात असेल, तर ती लाट तिला ढुशी देते आणि तिथंही भूकंप होतो. कधी लगेच, कधी तासांनी, कधी दिवसांनी. जवळपास तर होतातच, पण १९९२ साली अमेरिकेतल्या एका भूकंपानंतर हजार किलोमीटरच्या पलीकडेही बारीक बारीक भूकंप सुरू झाले होते. लाट काही भूकंप सोबत घेऊन येत नाही. तो तिथंच दबा धरून बसलेला असतो, लाट त्याला फक्त उठवते.

आता मुद्द्याचं. ९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जे धक्के बसत राहिले, त्यांच्या आठवणी आमच्या गटानं गोळा करायला घेतल्यात. तेव्हा त्या भागात यंत्रं फारशी नव्हती, त्यामुळे लोकांना आठवतं त्याला मोल आहे. तुम्ही गावात होतात. पहिल्यानंतरचा जोराचा धक्का कधी आला? उजाडलं होतं का? कुठली भिंत कुठल्या बाजूला पडली? बाबा पहिल्याच धक्क्यात झोपेत गेले ते मला माहीत आहे, त्याबद्दल विचारत नाही. त्यानंतरचं सांगा.

आठवतं का, लहानपणी घरात हंडा पडला तरी तुम्ही मला आणि रविदादाला दंडाला धरून उंबऱ्यावर थांबवायचात. तीन मोजायला लावायचात, मगच आत सोडायचात. कंपनीतली पोरं तर तुम्हाला ‘थांबा आण्णा’च म्हणायची. माझं भूकंपशास्त्र खरं तर तुमच्याच हाताखाली सुरू झालं.

तुमची लाडकी (हे रविदादाला ऐकू जाईल असं वाचा),
तनू


कुरुळी
२६ फेब्रुवारी २०२३

चि. तनूच्या डोक्यावर आण्णाचा हात.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. रवीला या महिन्यात सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे तो घरात फक्त झोपलेला दिसतो. तुझ्या आईनं गच्चीवर तेलाच्या डब्यांत मेथी लावली आहे आणि ती खरोखर उगवली आहे. नाशिक रोडला कंटेनर वाढलेत. एखादा अवजड गेला की तांब्यातलं पाणी थरथरतं. तुझी आई हातातलं काम टाकून अजून जमिनीला तळवा लावून बघते. मी सांगतो, अहो, कंटेनर आहे. ती मान हलवते, पण तळवा काढत नाही.

पत्र तिला वाचून दाखवलं. तुर्कस्तानपर्यंत वाचलं, पुढचं गाळलं. त्या जागी मी आपलं ‘तब्येतीला जपते, रोज दोन चमचे तूप खाते’ असं घातलं. तिला बरं वाटलं. तेव्हा आता खरंच तूप खात जा, म्हणजे मला खोटं बोलल्याचं पाप नको.

बाकी तू जे विचारलंस ते मला आठवत नाही. तीस वर्षं झाली. त्या वेळी कोण घड्याळ बघतो? पुढच्या धक्क्याचं म्हणशील तर उजाडलं होतं, पाऊस भुरभुरत होता आणि उत्तरेची भिंत रस्त्यावर पडली. एवढंच. बबन पहिल्या धक्क्यातच गेला, झोपेत. त्याला काही कळलं नाही. तुला एवढं पुरे आहे.

तुझ्या अभ्यासासाठी दुसरी माणसं पुष्कळ मिळतील. मला यात घेऊ नकोस. आणि अशी पत्रं लिहिलीस तर वाचताना मला गाळायला फार पडतं, तुझ्या आईला संशय येईल.

तुझा
आण्णा


हैदराबाद
१६ एप्रिल २०२३

आण्णा,

मी गावाला जाऊन आले. तुम्हाला न विचारता गेले, कारण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.

जुन्या गावात आता बाभळी आहेत. नव्या वस्तीत चिमाजीमामा भेटले. मी कुणाची कोण ते सांगितल्यावर त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. म्हणाले, “बबनची लेक व्हय तू? माझी माय तुझ्या बापानं ढिगाऱ्यातनं काढली. उजाडंपर्यंत आमच्यासंगं दगडं उपसत हुता. चार माणसं जित्ती काढली त्यानं.”

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय, माझे बाबा झोपेतच गेले. तेव्हा ते खाली बसले. मग म्हणाले, “तुझ्या चुलत्याला इचार. म्या न्हाई सांगणार.”

आण्णा, तुम्हाला काही आठवत नाही म्हणता. पण पाऊस भुरभुरत होता हे आठवतं आणि भिंत उत्तरेची होती हेही आठवतं. आमच्या सगळ्या नोंदींमध्ये इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कुणाची नाही.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते. पण मी रागावलेली आहे. बाबांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. ते झोपेत गेले, ही एकच गोष्ट मला त्यांच्याबद्दल माहीत होती, आणि तीच खोटी निघाली. आईला फोन करून विचारू शकले असते. नाही विचारलं. आधी तुम्ही सांगा.

तनू


हैदराबाद
४ जून २०२३

आण्णा,

सात आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. रविदादा म्हणतो, तुम्ही नीट जेवत नाही आणि रविवारी माझी जुनीच पत्रं आईला पुन्हा वाचून दाखवता. मागच्या रविवारी म्हणे माझ्या दहावीच्या सहलीचं वाचलंत.

मी गेल्या पत्रात जरा जास्त बोलले असेन. पण शब्द मागे घेत नाही. फक्त एवढं जोडते, की राग आहे म्हणजे तुम्ही नकोत असं नाही. तुम्हीच मला सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडलंत. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या सहीच्या जागी तुमचीच सही आहे. जे असेल ते सांगा. मी ऐकून घेईन.

तनू


कुरुळी
९ जुलै २०२३

चि. तनू,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. निळ्या पत्रावर मावणार नाही म्हणून वहीची पानं घेतली. हे मी तुझ्या आईला वाचून दाखवणार नाही.

पहिल्या धक्क्यात आपलं घर अर्धं पडलं. तुझी शालनकाकू रवीला घेऊन माहेरी गेली होती. बबन, तुझी आई, तू आणि मी, चौघंही बाहेर पडलो. तुझ्या भुवईवरची खूण तेवढी त्या दिवशीची. तुझ्या आईला तुला घेऊन शाळेच्या मैदानात बसवलं आणि आम्ही दोघं भाऊ माणसं काढायला लागलो. चिमाजी सांगतो ते खरं आहे. त्याची आई बबननंच काढली.

उजाडलं तसा पाऊस लागला. बबन मैदानात जाऊन तुम्हाला बघून आला आणि मला म्हणाला, “दादा, पोरगी गारठलीय. आतून घोंगडी आणू का? त्यो परत यायचा तर न्हाई ना?”

मी एक दगड उचलत होतो. मान वर न करता म्हणालो, “जा, आण. एकदा आला की गेला. परत येत न्हाई.”

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी जन्मात पहिला भूकंप बघत होतो. पण मी थोरला. बबन मला विचारल्याशिवाय काही करायचा नाही. बैल घेतला तो मला विचारून आणि तुझं नाव ठेवलं ते मला विचारून. थोरल्यानं मला माहीत नाही असं म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच ठाऊक होतं.

तो आत गेला. घोंगडी खांद्यावर टाकून उंबऱ्यापर्यंत आलेला मी पाहिला. तेवढ्यात दुसरा धक्का आला. उत्तरेची भिंत आणि तिच्यावरचं माळवदाचं जड मातीचं छत, सगळं एकदम खाली आलं. पुढचं लिहवत नाही.

तुझ्या आईला सांगितलं, तो आपल्या मनानं गेला. तू विचारायला लागलीस तेव्हा म्हटलं, पहिल्या धक्क्यात झोपेतच गेला. झोपेतल्या माणसाला कुणी पाठवत नाही, म्हणून तसं म्हटलं. तुझी आई तेव्हा तिथंच भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, पोरीला त्रास नको म्हणून गप्प बसली.

मग आपण इकडे आलो. आधी भोसरीत लागलो, नंतर चाकणला, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मोठ्या प्रेसवर. त्या प्रेसवर समोरासमोर दोन माणसं असतात आणि प्रत्येकापुढं दोन बटणं. चारी हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. कुणाचा हात आत राहू नये म्हणून तशी सोय आहे. पण जुनं मशीन कधी कधी एकदा खाली येतं, वर जातं, आणि कुणी बटण दाबलेलं नसताना पुन्हा खाली येतं. डबल स्ट्रोक म्हणतात त्याला. मी नव्या पोरांना सांगायचो, प्रेस वर गेली की लगेच हात घालू नका. थांबा, तीन मोजा. सुपरवायझर ओरडायचा, प्रॉडक्शन पडतंय. मी म्हणायचो, पडू दे. माझ्या हाताखालच्या एकाही पोराचं बोट गेलं नाही. पोरं थट्टेनं ‘थांबा आण्णा’ म्हणायची. रोज प्रेस वर जायची तेव्हा वाटायचं, त्या सकाळी बबनला थांब म्हटलं असतं तर.

प्रेसला चार हात लागतात, तनू. त्या दिवशी बटण मी एकट्यानं दाबलं.

तू काय ठरवायचं ते ठरव. पण तुझ्या आईला हे कळलं तर ती या घरात राहील का, याची मला भीती वाटते. शालन गेल्यापासून घर तिच्यावर आहे. थोरल्या दिराशी बोलायची रीत नाही, पदर सावरून ताट ठेवते आणि जाते. पण रविवारी मी तुझं पत्र वाचतो तेव्हा समोर येऊन बसते. ती उठून गेली तर हे घर मला खायला उठेल.

तुझा
आण्णा


हैदराबाद
२० ऑगस्ट २०२३

प्रिय आण्णा,

उत्तराला महिन्याहून जास्त लावला. पहिले चार दिवस मी नुसती रडत होते. नंतर पुन्हा राग आला. मग एक दिवस प्रयोगशाळेत तुमच्या पत्रातलं ते वाक्य आठवलं, ‘प्रेसला चार हात लागतात, त्या दिवशी बटण मी एकट्यानं दाबलं’, आणि मला पुढं काम करता येईना.

तुम्ही चुकलात. नाही असं मी म्हणणार नाही, कारण तुम्हाला ते पटणार नाही. पण मी हा विचार करून पाहिला. त्या सकाळी बाबांनी तुमच्याऐवजी मला विचारलं असतं, आजच्या मला, सगळी यंत्रं हाताशी असताना, तर मी काय सांगितलं असतं? “येईल. बहुतेक येईलच. पण कधी ते सांगता येत नाही. दहा मिनिटांनी, दहा तासांनी, नाहीतर चार दिवसांनी.” आणि समोर पावसात आठ महिन्यांची पोर गारठलेली. ते गेलेच असते, आण्णा. मी थांबवूनही गेले असते असं मला वाटतं. तुर्कस्तानात नऊ तासांनी दुसरा आला, आणि तो कधी येणार हे जगात कुणालाच सांगता आलं नव्हतं. आम्ही मोठमोठे लेख लिहितो, पण त्यांतलं खरं वाक्य एकच असतं, की थांबा. तुम्ही ते अख्ख्या कंपनीला शिकवलंत.

माझा राग आता दुसऱ्या गोष्टीचा आहे. तीस वर्षं मी एका झोपलेल्या माणसाची मुलगी होते. आता कळतंय, की माझे बाबा चार माणसं काढून, माझ्यासाठी घोंगडी खांद्यावर घेऊन बाहेर येत होते. ते माझं होतं आणि तुम्ही ते स्वतःजवळ ठेवून घेतलंत. तो राग जाईल, पण हळूहळू जाईल. घाई करू नका.

आईला सांगा. मी सांगणार नाही, ते तुमचंच काम आहे. ती उठून जाईल अशी भीती तुम्हाला वाटते, पण ही भीती घेऊन किती वर्षं तिच्या हातचं जेवणार? फक्त घरात सांगू नका. तुम्ही कुजबुजताय की ओरडताय ते तुम्हालाच कळत नाही. मोशीला इंद्रायणीच्या काठी घेऊन जा आणि तिथं सांगा.

तुमचीच
तनू

(हे पत्र वाचताना काय गाळायचं आणि काय घालायचं ते तुम्ही बघा. तूप मात्र मी खात नाही. कधीच नव्हते खात.)


कुरुळी
गणपती विसर्जनाचा आदला दिवस

भाऊजींना गवराचा नमस्कार.

या घरातून याच घरात पत्र पाठवते म्हणून हसू नका. हे वरडून सांगण्यासारखं न्हाई आणि हातवारे करून बी सांगता येत न्हाई, म्हणून लिवते. अक्षर वाईट हाय, संभाळून घ्या.

मला वाचता येतं. बचत गटात सही शिकवायला बाई यायच्या, त्याला सात वर्षं झाली. आधी सही आली, मग बसच्या पाट्या, मग तनीची पत्रं. तुमाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तुमी वाचून दाखवायचं बंद केलं असतं. तुमी गाळता आणि मनचं घालता ते बी मला कळतंय. तनी तूप खाते म्हणून वाचलं तवाच म्हणलं, ह्यात काईतरी झाकलंय.

तनीचं श्रावणातलं पत्र तुमच्या पत्रांच्या डब्यातून काढून वाचलं. बटण एकट्यानं दाबलं म्हणून तुमी लिवलं म्हणं.

भाऊजी, त्यांना तुमच्याकडं पाठवलं कुणी? मी पाठवलं. मैदानात आले तवा मीच म्हणले, पोरगी निळी पडाया लागली, घोंगडी आणा. ते म्हणले, दादाला इचारतो. मी चिडून म्हणले, समदं काय दादाला इचारता, जा की आता. त्यांच्यासंगं बोललेलं माझं ते शेवटचं बोलणं.

तुमी मला सांगितलं ते आपल्या मनानं गेले. पुढं तनीला सांगितलं झोपेत गेले. मला वाटलं, तुमाला ठावं हाय मीच धाडलं ते, आणि लेकरानं मायला दोष देऊ नये म्हणून तुमी माझी चूक झाकताय. तीस वर्षं तुमच्या ताटात भाकर वाढताना मी ह्येच मनात धरलं. वर तोंड करून बोलले न्हाई ते रीत म्हणून न्हवं, लाजेपायी.

तुमीच लिवलंय, चार हात लागतात. मग माझे दोन कुठं ठिवले?

मी उठून जाईन म्हणून भिता म्हणं. कुठं जाऊ? आन मेथीला पाणी कोण घालील? तनीच्या बापाचं आपल्या दोघांशिवाय कुणाला ठावं न्हाई. आता तिला बसून सांगू. ते हसायचे कसे, बैलासंगं बोलायचे कसे, समदं सांगू. मला थोडं आठवतं, तुमाला थोडं आठवत आसंल.

भाकर कमी खाऊ नका.

गवरा


कुरुळी
१ ऑक्टोबर २०२३

चि. तनू,

काल पोस्टमननं एक पाकीट दिलं. त्यावर माझा पत्ता आणि मागं पाठवणाऱ्याचाही तोच पत्ता. कुरुळीतून निघून पुण्याला जाऊन पुन्हा कुरुळीत आलं असेल बिचारं. अक्षर ओळखीचं वाटेना. तरी सवयीनं ओसरीवर बसलो, तुझ्या आईला हाक मारली आणि मोठ्यानं वाचायला लागलो. ती पिठाचे हात घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली.

‘गवराचा नमस्कार’ वाचलं तेव्हा वाटलं, कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल. ‘मला वाचता येतं’ इथवर आलो तेव्हा कळलं की पत्र तिनं स्वतःच लिहिलंय. वर बघितलं, तर ती दाराला धरून उभी. मग मी मनात वाचायला लागलो. म्हणजे मला वाटलं, मी मनात वाचतोय. रवी नंतर म्हणाला, “आण्णा, अख्ख्या गल्लीनं ऐकलं.” शेजारच्या अंबूबाई कपडे वाळत घालता घालता तिथंच खाली बसल्या म्हणे. ‘माझे दोन कुठं ठिवले’ इथं माझा आवाज गेला असं रवी सांगतो. मला कसं कळणार? डोळ्यांना अक्षर दिसेना, एवढंच कळलं.

तेव्हा तुझी आई पुढं आली आणि तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, आता ही फाडणार. ती माझ्यासमोर खाली बसली. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो तिनं वर घेतला नाही. आणि उरलेलं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. शब्दाखाली बोट फिरवत, पहिलीतल्या पोरीसारखं. तनू, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. शेवटी ती थांबली आणि कागद घडी करून तिनं माझ्या खिशात ठेवला. मी रडलो, हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात रस्त्यानं एक भला मोठा कंटेनर गेला. तांब्यातलं पाणी हललं. तिनं तळवे जमिनीला लावले. या वेळी मी तिला कंटेनर आहे असं सांगितलं नाही, मीही माझे लावले. एक, दोन, तीन. मी मोजत होतो आणि तिचेही ओठ हलत होते. काही आलं नाही. फरशीवर तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे उमटले, आणि त्यांच्या शेजारी माझे.

मग ती उठली आणि काहीतरी म्हणाली. ते मात्र मला ओठांवरून कळलं. “जेवायला चला.”

दिवाळीला ये. बबनचं सांगायचं खूप निघालंय. काल जेवताना तिला एक आठवलं, आज सकाळी मला दोन आठवली. आणि पत्र लिहिताना एक लक्षात ठेव. इथून पुढं दर रविवारी तुझी आई वाचणार आहे आणि मी समोर बसणार आहे. काही गाळलं जाणार नाही, तेव्हा जे खरं असेल तेच लिही.

तुझा
आण्णा